दोन टोपल्या उंची

"वाढला! मेल्यांनो, या, बघा, वाढला माझा पोर!"

काकू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी राहून ओरडत होती. आमच्या काकूचा आवाज असा, की ती ओरडली म्हणजे वादळाचा इशारा समजून मिरकरवाड्याच्या होड्या माघारी फिरतात. गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावून माझा चुलतभाऊ उभा होता. वय सत्तावीस, छाती फुगलेली, श्वास रोखलेला. गणपतीत त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवून मी त्या चिऱ्यावर खिळ्याने खूण ओढली होती. आता दिवाळी नुकती झाली होती आणि डोकं त्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर गेलं होतं.

"काकू, तीन सेंटिमीटर!" मी म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने मीच वाजवल्या, कारण तो कसा वाढला ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

पोलीस भरतीला एकशे पासष्ट लागतात. हा एकशे त्रेसष्ट. वयाच्या अटीप्रमाणे ही त्याची शेवटची भरती. धावण्यात हा असा, की कुत्री मागे लागायचा विचार सोडून देत. गोळा टाकला तर शेजारच्या बागेतून शिव्या येत. कमी होते ते दोन सेंटिमीटर. आणि आमच्या वाडीत कुणाचं काही कमी असलं तर ते त्याला विसरू द्यायची पद्धत नाही. मी तर त्यात पुढारी. "पाऊस सुरू झाला तरी तुला कळत नाही रे, तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो," हे मी त्याला दर मृगाला ऐकवायचो. तो हसायचा. काकू नाही हसायची.

रत्नागिरीत एका डॉक्टरकडे त्याला मीच नेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "हाडांची टोकं कधीच जुळली. आता तू वाढलास तर पुढे वाढशील, वर नाही." त्यांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला. हा बाहेर येऊन म्हणतो, "दादा, ह्या डॉक्टरला काय कळत नाही. मोबाईलवर एक जण तिशीत वाढला."

मग सुरू झाला तो तमाशा. उंची वाढवायची पावडर डब्यांनी आली. सकाळ-संध्याकाळ हा फणसाच्या फांदीला लटके, पायांना एकेक चिरा बांधून. मी काही खोटं सांगत नाही, महिन्याभरात त्याचे हात इतके लांबले की उभ्या उभ्या चपलेचा अंगठा नीट करायचा. फांदी तर जमिनीला टेकायला आली. वाढला नाही तो एकटा तोच.

दिवाळीआधी खळं करायचं आलं. आमच्याकडे पावसात अंगणाची माती वाहून जाते, म्हणून दरसाल तांबडी माती आणून ओततात, पाणी मारतात, चोपणीने चोपतात आणि वर शेणाने सारवतात. हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. त्या वर्षी मी एकटा टोपल्या वाहत होतो आणि हा समोर फणसाला वटवाघळासारखा लोंबत होता. "दादा, आज सुट्टी घेतली तर अंग परत आखडेल," असं वरून सांगत होता. माझं टाळकं सरकलं. गोठ्याच्या भिंतीलगत मी दोन टोपल्या जास्त ओतल्या. चोपल्या, पाणी मारून बेमालूम केल्या. सारवल्या काकूनेच.

पिढ्यान् पिढ्या खळी करणारी ही माणसं, पण जमीन वर आली असेल हे एकाच्याही मनात आलं नाही. सगळे वर बघत होते.

माझा विचार होता, आठवडाभर मजा बघायची आणि मग सांगायचं. चौथ्या दिवशी लांज्याहून त्याच्या मामाचा फोन आला. काजूच्या कारखान्यात देखरेखीची जागा होती, सोमवारपासून हजर व्हायचं होतं. हा फोनवर म्हणाला, "नको मामा, दुसऱ्या कुणाला घ्या. मी आता पोलीसच होणार." मी शेजारी बसून आंबोळी खात होतो. घास तोंडात होता. तो गिळून बोलता आलं असतं. मी दुसरी आंबोळी मागितली.

भरतीच्या दिवशी पहाटे कुणीतरी डोक्यात भरवलं की माणूस झोपून उठल्यावर थोडा उंच असतो, उभा राहिला की दबतो. झालं! काकूने हुकूम सोडला, "त्याला आडवाच न्या." माझा आंब्याचा टेम्पो, त्यात गादी, गादीवर हा उताणा, अंगावर पांढरी चादर. पालीपासून हातखंब्यापर्यंत लोक रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडत होते. एका म्हातारीने तर फूल टाकलं. मी पुढे हसून हसून स्टिअरिंगवर आडवा.

मैदानावर मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. मोजणाऱ्याने पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली आणि मोठ्याने म्हणाला, "एकशे त्रेसष्ट पूर्णांक दोन."

"साहेब, परत मोजा. घरी एकशे सहासष्ट भरली."

"घरी भरली तर घरीच ठेव ती. टाचा खाली. मान सोड." पट्टी पुन्हा टेकली. "तेवढीच. चल, पुढचा."

रांगेतले पन्नास जण हसले. कुंपणापाशी मीही हसलो, सवयीने.

परतताना तो पुढे माझ्या शेजारी बसला. आता बसायला काही हरकत नव्हती. हातखंबा मागे पडला. मला गप्प बसवेना. मी सगळं सांगून टाकलं: माती, टोपल्या, मामाचा फोन, आंबोळी. टेम्पो हळू केला, म्हटलं, मारायचं तर मार.

त्याने काच खाली केली.

"आईला तू सांग," तो म्हणाला.