दिलेला अधिकार परत घेताना

विघ्नहर्त्या गजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, मुलाला दिलेले मुखत्यारपत्र मी रद्द केले, त्या प्रसंगाविषयी लिहिते.

वुडलँड्समधील माझ्या फ्लॅटमध्ये, माझ्या खुर्चीवर, घरांचा एक दलाल बसला होता. मी त्याच्यापुढे पाणी ठेवून काम विचारले. त्याने शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "आस्क मी लाह. शी डझन्ट अंडरस्टँड. पॉवर ऑफ ॲटर्नी माझ्याकडे आहे."

मला इंग्रजी येते. परदेशातल्या याच शहरात मी मुलांना संस्कृत शिकवले, तेही इंग्रजीतून. हे त्याला ठाऊक होते.

दलाल बूट घालूनच देवघरापाशी गेला. "धिस वन कॅन टेक आउट?"

"कॅन," माझा मुलगा म्हणाला.

मी तेथेच उभी होते. जिवंत. शुद्धीवर.

दलाल गेल्यावर मी मुलाला विचारले, "घर विकायचे कोणी ठरवले?"

"आई, तू सही केलीस ना? मग झालं! ईस्ट कोस्टला छान होम आहे, आमच्या काँडोजवळच. तुझ्या वयाची माणसं असतात तिथे."

"जवळच, म्हणजे तुमच्याकडे नाही."

तो फोन पाहू लागला.

सही मी केली होती. माझे पती गेले, घर माझ्या नावावर आले, आणि मुलगा म्हणाला, उद्या तुला काही झाले तर? वकिलाने समजले का, असे विचारले. पोटच्या मुलाविषयी शंका काढायची मला लाज वाटली. मी मान हलवली. घरी येऊन देवापुढे पळीभर पाणी सोडले; माझे होते ते मुलाला दिले, असे मनात म्हटले. मी त्या सहीला दान समजले. दिलेले दान परत घेणे म्हणजे दत्तापहार. हे पातक मी वडिलांच्या पाठशाळेत लहानपणीच ऐकले होते.

म्हणून दलाल येऊन गेल्यावरही मी गप्प राहिले. सांगणार कोणाला? ओळखीच्या बायका म्हणत, "किती करतो हो मुलगा तुमच्यासाठी!" घरात माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून मी स्तोत्रे मोठ्याने म्हणत असे.

अखेर कम्युनिटी क्लबमधील मोफत कायदा सल्ल्याला गेले. तेथे एक तरुण तमिळ वकील होती. माझे सारे ऐकून ती म्हणाली, "आंटी, यू नेव्हर गिव्ह अवे एनीथिंग." मग तिने सावकाश समजावले. माझी समज गेली आणि डॉक्टरांनी तसे लिहून दिले, तरच ते पत्र लागू होते. आज त्याच्या जोरावर मुलगा माझे घर विकू शकत नाही. आणि समज शाबूत आहे तोवर मी ते रद्द करू शकते.

"कारण काय सांगू?"

"नो नीड, आंटी."

आजारी यजमानासाठी दुसरा पूजेला बसतो. संकल्प मात्र यजमानाचाच राहतो. दान वेगळे, प्रतिनिधी वेगळा. हे मी आयुष्यभर शिकवले आणि स्वतःच्या घरात विसरले.

शेजारच्या मलय बाई साक्षीदार म्हणून आल्या. त्यांच्यासमोर मी पत्र रद्द केल्याच्या कागदावर सही केली. मुलाला कळवणे आवश्यक होते. ते मीच फोनवर कळवले.

"आई, कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही. मला समजते."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"मी समोर असताना मला समजत नाही, असे परक्याला सांगितलेस. आता विश्वासाचे मला विचारू नकोस."

"उद्या पडलीस तर कोण बघणार?"

मी फोन ठेवला. कोण बघणार, हे मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर तो आला नाही. नातीचा फोनही थांबला. दुपारी घर फार शांत असते.

तरीही मी येथेच राहीन. मी शुद्धीवर आहे तोवर माझ्या वतीने कोणी बोलणार नाही. पुढे कोणाला नेमलेच, तर कागदातील प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारून नेमीन. त्याच्यासमोर विचारीन, आणि लाजणार नाही.

वाचकहो, आपणांस व आपल्या कुटुंबास जगदंबा आरोग्य देवो. आपल्या घरातील वृद्धांना प्रश्न विचारण्याचे धैर्य लाभो, आणि त्यांना विचारल्यावाचून त्यांच्याविषयी कोणी काही न ठरवो.