लेकीच्या घरच्या जेवणाची तालीम

एखादी गोष्ट जमणार नाही, असे आमच्या घरमालकांना पटवून देणारा माणूस आमच्या जांबे गावात अजून जन्मायचा आहे. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. तिथे धक्का बसण्याची सवय हळूहळू सुटते. मालकांच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने आलो आणि ती पुन्हा लागली. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी माझा भिजून कडक झालेला चामड्याचा बूट मऊ करून आणून दिला. कसा केला, असे विचारल्यावर ते सहज म्हणाले, कुकरात. बूट खरोखरच मऊ झाला होता. फक्त एक माप लहान झाला होता. कुकरात जे होत नाही ते मुळात होण्यासारखेच नसते, अशी त्यांची ठाम समजूत आहे. केक, आवळे, गळक्या छत्रीची मूठ, सगळे त्यांनी कुकरात घातलेले आहे.

कुकरांचा त्यांना तोटा नाही. हिंजवडीत नोकरीला आलेली मुले खोली सोडताना जड सामान मागे टाकून जातात, आणि मालक ते टाकून देत नाहीत. वापरतही नाहीत, कारण वस्तू ज्याची त्याचीच, असा त्यांचा नियम आहे. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये फळीवर नांदेडचा, अकोल्याचा आणि बार्शीचा असे तीन कुकर ओळीने बसलेले असतात. रिंग वाळू नये म्हणून मालक अधूनमधून त्यांत नुसते पाणी उकळतात, आणि त्यांच्या शिट्ट्याही आपापल्या गावच्या बोलीत होतात, असे सांगतात. बार्शीचा एकदम बोलतो म्हणे, अकोल्याचा आधी बराच वेळ विचार करतो. मी तिन्ही ऐकले आहेत. फरक आहे, हे मान्य करावे लागते.

अशा माणसाने एका सकाळी जिन्यात मला थांबवून विचारले, "पेपरवाले, डुकराचं मटण कुटं भेटंल?"

बरे झाले, कठडा हाताशी होता. काकूंच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, स्वयंपाकघरात सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी अंडेही येत नाही. बाकीच्या वारी कोंबडी चालते, बोकड चालतो; पण डुकराचे नाव या घरात आजवर फक्त शिवी म्हणून घेतले गेले होते.

कारण ऐकल्यावर धक्का कमी झाला नाही, फक्त त्याची जागा बदलली. मालकांची एकुलती एक लेक कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. त्या दिवसापासून काकू तिच्याशी बोललेल्या नाहीत. फोन आला की त्या उठून गोठ्यात जातात, आणि गोठ्यात आता म्हैसही नाही. मालकही तिच्याकडे गेले नव्हते, पण त्यांचे कारण वेगळे होते. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीसुद्धा घ्यायचे नाही, ही रीत त्यांनी समुद्रापलीकडेही लागू धरली होती. आता लेकीला मुलगा झाला होता. वाट मोकळी झाली होती, पासपोर्ट तयार होते. दोन होते. दुसऱ्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हते.

"जावयाच्या घरी हेच शिजतंय," मालक म्हणाले. "लेकीच्या हातचा पयला घास, आन माजं तोंड वाकडं झालं तर? हितं शिकून जातो."

मग बुधवार ठरला. ते सामान उंबरा ओलांडणार नाही, एवढेच काकूंनी सांगितले, तेही भिंतीकडे बघून. त्यामुळे शेगडी शेडमध्ये लागली. कुकर निवडण्यात निम्मी दुपार गेली. बार्शीचा मुलगा माळकरी होता, तो बाद. अकोल्याच्या कुकराची रिंग सैल होती. राहिला नांदेडचा. मालकांनी त्या मुलाला फोन करून रीतसर परवानगी मागितली; कशासाठी, तेही सांगितले. मग तो घ्या म्हणाला, पण परत देऊ नका, असेही म्हणाला.

हिंजवडीच्या एका दुकानातून आणलेले मांस दुधाच्या किटलीत दडवून आले होते. लेक फोनवर दिसत होती; तिथे सकाळ होती. फोन खताच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. ती सांगत गेली, मालक घालत गेले: लसूण, जिरे, लाल मिरची, संत्र्याचा रस. एक पाला इथे मिळत नव्हता, त्याऐवजी ओव्याची पाने. शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, आणि मांस दोन काट्यांनी पिंजायची वेळ आली. मालकांनी ते काथ्या पिंजावा तसे पिंजले. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. "ह्यात परदेशी काय हाय?" त्यांनी मला विचारले. वास चांगला होता, हे मला पहिल्या मजल्यावरच कळले होते.

अडले ते भाकरीवर. टाको म्हणजे मक्याची पुरीएवढी भाकरी, तिच्यात हे सारण घालून दुमडायची. मालकांची भाकरी दुमडली की मोडत होती. एक मोडली, दुसरी मोडली, तिसरी तव्यावर जाण्याआधीच फाटली. शेडच्या दारात काकू कधी येऊन उभ्या राहिल्या, ते कळले नाही. मांस त्या पाहू शकत नव्हत्या. पण भाकरीचे हाल त्यांना त्याहून पाहवेनात. त्या आत आल्या, मालकांना कोपराने बाजूला सारले आणि परातीपुढे बसल्या.

"पीठ उकडून घ्यायला पायजे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सांगा तिला."

तिला सगळे ऐकू जात होते. तरी मालकांनी फोनकडे वळून सांगितले, आई म्हणतीया, पीठ उकडून घे. फोनमध्ये फक्त काकूंचे हात दिसत असावेत, बांगड्या वर सारलेले. त्यांनी पाणी उकळले, पीठ मळले आणि एक भाकरी थापली. ती दुमडली. मोडली नाही. फोनमधली लेक आत गेली आणि बाळाला घेऊन परत आली. त्याला तिने फोनपुढे धरले.

काकूंनी हातातले पीठ झाडले नाही. त्या बघत राहिल्या. मग, इतक्या दिवसांनी, मध्ये कोणालाही न घेता म्हणाल्या, "टाळू भरतीस का न्हाई त्याची? तेल घालीत जा रोज. कोरडी दिसतीया."

"घालते, आई," लेक म्हणाली.

मालकांनी त्या संध्याकाळी पाच टाको खाल्ले आणि तोंड एकदाही वाकडे केले नाही. काकूंनी एकही खाल्ला नाही.

पुढे मालक आणि काकू दोघे मिळून मेक्सिकोला गेले. पोचल्यावर मालकांचा फोन आला. तिकडचा पहिला घास कसा लागला, असे मी विचारले. त्यांचा आवाज जरा नाराज होता. एवढे शिकून आलो, म्हणाले, आणि पोरीने आईबाप आले म्हणून वरण-भात वाढला. भात थोडा कच्चा होता, वरणात मीठ नव्हते.

मग खाल्लात का, मी विचारले.

"खाल्लं की, दोनदा घेऊन," ते म्हणाले. "आपल्यातलं तिला आता तेवढंच येतंय."