गुणवंतरावांचा सागवान

वडसा गावात नाटकांचे पडदे रंगवणारे गुणवंतराव आमचे शेजारी. चाळीस वर्षांत त्यांनी पडद्यांवर इतके राजवाडे बांधले, की घरचं न्हाणीघर बांधायला वेळच उरला नाही. सागवानी दार हा तर त्यांचा हातखंडा. पिवळ्या रंगावर तपकिरी रंग, ओल्या रंगातून कंगवा ओढला की रेषा, अंगठा फिरवला की गाठ. एक नट भर प्रयोगात ते दार उघडायला गेला आणि पडद्यासकट खाली आला. पण टाळ्या पडल्या त्या नटाला. पडदा कोणी रंगवला, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही, आणि हे दुःख गुणवंतराव मला आठवड्यातून चारदा ऐकवतात.

पावसाळ्यात नाटकं बंद असतात. अशात मोहर्लीची साधना एक जुनी गाडी घेऊन आली. ती ताडोबाला येणाऱ्या पाहुण्यांची राहायची सोय करते. गाडीत झोपायचे बाक, ओटा, कपाटं; असल्या गाडीला कॅम्पर म्हणतात. आतलं सगळं लाकूड आलापल्लीचा साग, आणि त्यावर कुण्या शहाण्यानं हिरवा ऑइलपेंट फासलेला. सुतार कोणी मोकळा नव्हता, म्हणून ती गुणवंतरावांकडे आली. ऑक्टोबरात जंगल उघडलं की गाडीत पाहुणे उतरणार होते, आणि जाहिरातीत तिनं आधीच छापलं होतं, 'अस्सल सागवान'.

"भाऊ, रंग खरडा, पॉलिशपेपर मारा, वरून नुसतं वार्निश. लाकूड दिसाले पायजे," असं बजावून ती गेली.

गुणवंतरावांनी बारा दिवस खरडलं. खालचा साग उघडा पडला. मग ते दहा पावलं मागे गेले, डोळे बारीक करून गाडीत पाहिलं आणि मला म्हणाले, "मांगच्या रांगेतल्याले हा सागवान वाटन का?"

"भाऊ, तो सागवानच आहे. अन् गाडीत मांगची रांग नाई."

"असून काय उपेग? दिसत नाई ना!"

जित्याची खोड. पुढच्या चार दिवसांत त्यांनी खऱ्या सागवानावर सागवान रंगवला. मी अडवायला गेलो, तर मलाच कंगवा धुवायला लावला.

साधना गाडी न्यायला आली ती देवरावमामांना घेऊन. मामा निवृत्त वनपाल. उभा जन्म सागाच्या लाकडांवर शिक्के मारण्यात गेलेला. पाहुण्यांना शंका नको, म्हणून लाकूड पारखायला तिनं त्यांना आणलं होतं. मामांनी चष्मा पुसला आणि कपाटाच्या दारावरून हात फिरवला.

"पोरी, एक नंबर! असा सागवान आता जंगलात बी नाई."

काम झालं होतं. गप्प बसायचं आणि गाडी जाऊ द्यायची. मी मागून गुणवंतरावांचा सदरा ओढत होतो. पण श्रेय झाडाला चाललेलं पाहून त्यांना राहवेना.

"जंगलाचं काय सांगता? हे मी काढलं, मी!" ते ओरडले आणि थिनरचा बोळा घेऊन शेजारची एक फळी त्यांनी खसाखसा पुसली.

मामा त्या खऱ्या सागवानावर वाकले. "अन् इथी काऊन प्लायवूड लावलं?"

साधनाला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, मी लोकायले खरं लाकूड सांगतलं आहे. पुसा सगळं."

गुणवंतरावांनी बोळा पुन्हा थिनरात बुडवला. स्वतःच काढलेली एकेक गाठ स्वतःच पुसत गेले. तोवर मला हसू येत होतं, ते थांबलं. फार वाईट वाटलं. ते कपाटाच्या दाराशी पोचले, तेव्हा मामा दाराला पाठ लावून उभे राहिले.

"हे नाई पुसाचं. एवढी वर्षं झाडं पाह्यली, मले फसवणारा हा पहिलाच माणूस. पोरी, हे दार जो पाहीन त्याले याचं नाव सांगत जा."

आता पाहुणे खऱ्या लाकडाला सनमायका समजतात आणि त्या दारापाशी उभं राहून फोटो काढतात. साधना प्रत्येकाला गुणवंतरावांचं नाव सांगते. इकडून ते रोज संध्याकाळी फोन लावतात, "आज किती जण आले? माहं नाव सांगतलं ना?"

एकदा गडबडीत ती सांगायचं विसरली, आणि खोटं बोलणं काही तिला जमेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघून हे मोहर्लीला पोचले, पोहे खात बसलेल्या पाहुण्यांमधून वाट काढत गाडीत शिरले, दाराशेजारी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी गुणवंतराव."