काचेआडचं सूप

मेलबर्नला उतरल्यावर आम्हाला पहिलं दर्शन घडलं ते विमानतळावरच्या स्टीलच्या टेबलाचं. त्यावर आमचं सूप ठेवलं होतं. नातीच्या बारशासाठी हिने ते पुण्याहून जुन्या साडीत गुंडाळून आणलं होतं. बाळाला आधी सुपात घालायचं, मग पाळण्यात, अशी आमच्याकडची रीत. आमच्या मुलीला, केतकीलाही याच सुपात घातलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, "बांबूचं काही आहे का?" मी खरं ते सांगितलं. त्याने विणीतून भाताचे दोन दाणे काढून दाखवले, दिलगिरी व्यक्त केली आणि साडी परत दिली. सूप नष्ट करायला आत नेलं.

तेव्हापासून हिने माझ्याशी अबोला धरला. टार्निट या उपनगरात केतकीच्या घरी आमचा सगळा व्यवहार नातीमार्फत चाले. "आजोबांना सांग, चहा गार होतोय." नात महिन्याचीही नव्हती, पण निरोप वेळेवर पोचत.

बारसं रविवारी होतं. तिथल्या भारतीय दुकानात नारळ, पाट, हळदकुंकू सगळं मिळालं. सूपही मिळालं, प्लास्टिकचं, नारिंगी. हिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुकानदाराने ते मुकाट्याने जागेवर ठेवलं.

शनिवारी केतकीने आम्हाला गाडीत घालून गावाबाहेर नेलं. एकसारखी घरं संपली आणि पिवळं माळरान लागलं. मेंढ्या, कुंपण, पुन्हा मेंढ्या. बघायचं ठिकाण म्हणून तिने जपानी लोककलेचं एक छोटं खासगी संग्रहालय निवडलं होतं. तिथे पार्किंग होतं आणि बाळाचे कपडे बदलायला खोली होती. निवडीमागे दुसरं कारण नव्हतं.

संग्रहालय लोकरीच्या जुन्या शेडमध्ये होतं. आत अजून मेंढ्यांचा वास होता. दाराशी चपला काढायच्या होत्या, ते हिला पसंत पडलं. आत मातीचे वाडगे, गवताचे रेनकोट, ठिगळं लावलेले कोट. याला मिंगेई (सामान्य माणसांनी रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू) म्हणतात. भिंतीवर लिहिलं होतं, 'या वस्तूंचं सौंदर्य त्यांच्या वापरात आहे.' त्याखाली लिहिलं होतं, 'कृपया हात लावू नये.'

शेवटच्या दालनात ही थांबली. काचेआड सूप होतं. जपानी होतं, पण पुढे पसरट, मागे उभी कड, सूपच. ती काचेजवळ गेली. मग पदराने डोळे पुसले. विमानतळावर खरं बोलल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

देखरेखीला युकिको नावाच्या म्हाताऱ्या जपानी बाई होत्या. "त्यांना विचार," ही केतकीला म्हणाली, "बाळाला घटकाभर यात घालू का?"

"आई, प्लीज. म्युझियम आहे हे."

"विचार तर खरं."

केतकीने मान खाली घालून इंग्रजीत विचारलं. युकिकोबाईंनी बाळाकडे नीट पाहिलं. "वजन किती?" त्यांनी विचारलं. केतकीने सांगितलं.

"नो वरीज," म्हणत त्या आत गेल्या आणि दुसरं, काळपट पडलेलं सूप घेऊन आल्या. "हे डिस्प्लेचं नाही. माझ्या आईचं आहे. यात ती याहून जास्त सोयाबीन पाखडायची."

ते या देशात कसं आलं, हे मी विचारलं नाही.

हिने पिशवीतून तीच साडी काढली, घडी करून सुपात अंथरली आणि बाळाला ठेवलं. बाळाने जांभई दिली. हिने एक कड धरली, युकिकोबाईंनी न सांगता दुसरी, आणि दोघींनी सूप हलकेच हलवलं. केतकी रडायला लागली. मीही चष्मा पुसला.

"फोटो काढा की," ही म्हणाली. "बघत काय उभे राहिलात?"

हे ती मला म्हणाली होती. नातीला नव्हे.

रविवारी बारसं झालं, बाळाचं नाव ठेवलं, महिन्याभराने आम्ही पुण्याला परतलो. फोटो बघायला सोसायटीतल्या बायका जमल्या. एकीने विचारलंच, "तिकडे ऑस्ट्रेलियात सूप कुठून मिळालं हो?"

ही चहा ओतत होती. तिने वर पाहिलं नाही.

"यांनी शोधलं," ती म्हणाली. "सूप मिळेपर्यंत यांना चैन नव्हतं."

पार्किंगचं आणि बाळाचे कपडे बदलायच्या खोलीचं मी काही बोललो नाही. एकदा खरं बोलून झालं होतं.