दोरी कोण बांधणार

समुद्रावरच्या शिबिराच्या फॉर्मवर विचारलं होतं, पोहता येतं का? मी ठोकून दिलं, हो. खोटं नव्हतं. अमरावतीच्या तलावावर तीन महिने पहाटे जाऊन शिकले होते. अकोल्याला मायला फोनवर सांगायचे, योगाला जाते.

हे खूळ माझ्या मैत्रिणीचं. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात आमची टेबलं शेजारी. दक्षिणेकडचा एक किनारा, आठ दिवस. आधी फळीवर उभं राहून लाटा घ्यायच्या, म्हणजे सर्फिंग. मग काइटसर्फिंग, म्हणजे भल्यामोठ्या पतंगाला स्वतःला जुंपून घ्यायचं आणि पाण्यावरून सुसाट निघायचं. बडनेऱ्याहून तिकिटं काढली, रजाही मंजूर झाली. दोघींनी समुद्र पाहिला होता तो फक्त फोनवर!

मग तिने शिकवणीचा व्हिडिओ दाखवला. फळीची दोरी घोट्याला बांधतात, आणि पाण्यात शिरण्याआधी ती जोडीदाराने ओढून तपासायची. "माझी तूच बांधशील," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा आहे माझा."

"कोणाची दोरी-बिरी मी बांधणार नाही!" मी खेकसले. बिचारीने फोन खाली ठेवला.

तिला काय सांगू? मी आठ वर्षांची होते, दादा अकराचा. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधायची आमच्याकडे रीत. त्या वर्षांत कपाशीला अळीने सोडलं नव्हतं, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे बांधाबांधावर पडलेले असायचे. दादाने त्यातलाच एक उचलला आणि म्हणाला, "बांध घट्ट." मला एकच गाठ येत होती, वासराला बांधायची. एका हिसक्यात सुटणारी. त्याने उडी मारली. डबा वर आला, दादा आला नाही.

त्या दिवसांत विहिरीत कोणी गेलं की लोक आधी कर्जाचं विचारत. दादाच्या वेळीही विचारून गेले, मेले! माय सगळ्यांना एकच सांगायची, दोरी सडकी होती. मी गप्प राहिले, वर्षानुवर्षं. अजूनही बादलीत मग तरंगताना दिसला की मी तो उचलून बाहेर ठेवते.

रविवारी अकोल्याला, जठारपेठेत मायकडे गेले. ठरवूनच गेले होते, तिला खरं सांगायचं आणि मग जायचं. सांगणं जमलं नाही तर तिकीट रद्द. माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"माय, मी मैत्रिणीसोबत समुद्रात पोहायला चालली. तिच्या फळीची दोरी मी बांधायची म्हणते."

तिचे हात थांबले. "काहून वं? एक गेला, थो पुरला नाही का तुले?"

"दोरी सडकी नव्हती, माय. गाठ मी बांधली होती. वासराची." आणि भोकाड पसरलं मी, या वयात.

"मालूम हाये मले," माय म्हणाली. "डबा मीच काढला ना बाहेर. दोरी चांगली धडधाकट होती. चुलीत घातली मी, कोनाले दिसू नये म्हून."

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं!

"अन् थे गाठ तुले शिकवली कोनं? मीच ना?"

तिने शेंगा बाजूला सारल्या. मग उठून सुतळी घेऊन आली. "जाय समुद्रावर. त्या पोरीची दोरी तूच बांधजो. पन आधी पक्की गाठ शिकून घे."

ती शिकवायला बसली. दोनदा बांधली, दोनदा सोडली; तिच्याच्यानं गाठ बसेना.