तिसरी ओळ

आमच्या प्रयोगशाळेचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला, त्यांना सगळे सावकाशकाका म्हणायचे. फोन करून कोणी म्हणालं, "काका, स्क्रीन अडकली," की पलीकडून पहिला शब्द यायचा, "सावकाश." मला त्या शब्दाचा राग यायचा. समोर नमुन्यांच्या साठ बाटल्या रांगेत उभ्या असताना सावकाश म्हणायला यांचं काय जातं, तेही वरच्या मजल्यावर खिडकीजवळ बसून?

पण माणूस वर बसून राहणारा नव्हता, हेही सांगायला हवं. प्रोग्राममध्ये काही बदललं की काका स्टूल घेऊन खाली यायचे आणि आमच्यापैकी एकीच्या मागे अर्धा दिवस बसायचे. स्क्रीनकडे फारसं बघायचेच नाहीत, माउसवरच्या हाताकडे बघायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, माझ्या हातात एवढं काय दिसतंय तुम्हाला?" तर म्हणाले, "ताई, मेन्यू तुम्ही वाचत नाही. हाताला जागा पाठ झाली आहे." मला ते झोंबलं. अकरा वर्षं नमुने नोंदवतेय मी. मला वाचता येत नाही असं तोवर माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या नव्हत्या.

ते म्हणत होते ते मात्र खरं होतं. यादीतल्या नमुन्यावर उजवं बटण दाबलं की छोटा मेन्यू उघडायचा. नोंद बघा, तातडीचा करा, पुढे पाठवा, बाद करा, आणि खाली आणखी आठ-दहा ओळी. मला दिवसभर लागायची ती तिसरी, पुढे पाठवा. ती दाबली की "नक्की?" अशी खिडकी यायची, मी हो दाबायची आणि पुढची बाटली उचलायची. नमुना आधीच तातडीचा असला तर दुसरी ओळ फिकट व्हायची. दाबली तरी चालायची नाही, पण जागा सोडायची नाही.

या फिकट ओळी आमच्या प्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या मॅडमच्या, डोळ्यांत खुपायच्या. सोमवारी तपासणीचं पथक येणार होतं आणि त्यांना सगळं कसं चकाचक हवं होतं. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, "ज्याचा उपयोग नाही ते दाखवायचं कशाला?"

"दर वेळी मेन्यू उघडताना नव्याने भरता येईल, मॅडम," काका म्हणाले. "नमुन्याची अवस्था बघायची, जुन्या ओळी काढायच्या, लागतील तेवढ्याच घालायच्या. अवघड नाही. पण खालच्या ओळी वर सरकतील. मला दोन दिवस खाली बसू द्या."

"लोक वाचतील की. सगळे शिकलेले आहेत."

शुक्रवारी सकाळी नवा मेन्यू सुरू झाला, आणि काकांना मॅडमनी पथकाच्या फायली लावायला वर अडकवून ठेवलं. मला तर मेन्यू आवडला. आखूड, नीटनेटका. तासाभरात मी त्याचा विचारही सोडून दिला.

अडीच वाजता गाठी तपासणाऱ्या वरच्या विभागातून फोन आला. सकाळच्या बारा बाटल्यांपैकी अकराच पोचल्या होत्या. बारावी तातडीची होती. चौतीस वर्षांची बाई, मानेतली गाठ. मी नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं, बाद. नऊ वाजून चाळीस मिनिटं, खाली माझा क्रमांक.

रक्त असतं तर बाईला परत बोलावलं असतं, दोन शब्द ऐकून घेतले असते. गाठ एकदाच काढतात. ती हरवली तर त्या बाईला काय झालंय हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तिची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर संध्याकाळी उत्तर मागणार होते. बाद झालेल्या बाटल्या सफाईच्या मावशी यादी बघून दुपारी पिवळ्या पिशवीत भरतात, आणि कचऱ्याची गाडी चारला येते. मी काकांना फोन लावला. "गाठ बाद झाली," एवढंच सांगितलं. पहिल्यांदाच ते सावकाश म्हणाले नाहीत. "आलो," म्हणाले.

खाली येताच त्यांनी माझा माउस हातात घेतला, नुकत्याच आलेल्या, त्या दिवसाच्या दुसऱ्याच तातडीच्या नमुन्यावर उजवं बटण दाबलं आणि मेन्यूकडे बघत राहिले. दुसरी ओळ गेली होती. तिसऱ्या जागेवर बाद करा येऊन बसलं होतं. "मला माहीत होतं," ते एवढंच म्हणाले.

मागच्या खोलीत सात पिवळ्या पिशव्या होत्या. मावशींनी आम्हाला हातमोजे दिले आणि स्वतःही खाली बसल्या. तीन पिशव्या झाल्या, चार झाल्या. बाटल्या सगळ्या सारख्याच, झाकणं सारखीच, औषधाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. काकांचे गुडघे दुखरे. ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले होते आणि प्रत्येक लेबल ओठ हलवत वाचत होते. मी मात्र घड्याळच बघत होते. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा सहावी पिशवी उघडी होती. मावशी उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पाच मिनिटं थांबा," त्यांनी गाडीवाल्याला दटावलं.

बाटली सातव्या पिशवीत सापडली. झाकण घट्ट होतं, लेबल भिजलेलं पण वाचता येत होतं. काकांनी ती दोन्ही हातांत धरून मला दिली. मला रडू आलं. मी जिने धावत चढून ती स्वतः वर पोचवली.

परत आले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी एक छापील कागद बघत होते. प्रोग्राम प्रत्येक बटणाची वेळ टिपून ठेवतो. नऊ चाळीसला "नक्की? नमुना बाद होईल" ही खिडकी आली होती, आणि पाऊण सेकंदात हो दाबलं गेलं होतं. त्यांनी मला तो आकडा दाखवला. "पाऊण सेकंदात कोणी वाचत नाही, ताई," ते म्हणाले. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात.

तेवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं. मॅडमचा चेहरा उतरला होता. सोमवारच्या आत त्यांना कोणावर तरी खापर फोडायचं होतं. त्यांनी मला सरळ विचारलं, "खात्री करायची खिडकी आली होती की नाही?"

माझी नोकरी, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर फिरलं. मी म्हणाले, "नाही आली."

काका माझ्या शेजारी उभे होते. कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"शक्य आहे," ते म्हणाले. "नवीन मेन्यू बसवताना राहिली असेल. चूक माझी."

दोन महिन्यांनी त्यांचा वर्षाचा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. जायच्या आधी त्यांनी फिकट ओळी परत आपापल्या जागी आणून ठेवल्या. शेवटच्या दिवशी खाली येऊन त्यांनी मला विचारलं, "आता हाताला बरं पडतंय ना?"

मी मान हलवली. माफी मागायची होती, पण मावशी तिथेच उभ्या होत्या, आणि त्यांना अजून वाटत होतं की खिडकी आलीच नव्हती.