मशीनमधला तबला

पिंप्राळ्यात आमच्या समोर राहणाऱ्या वहिनी घरीच भजनं रेकॉर्ड करतात. आधी पंखा बंद, मग स्कूटरचे आवाज नकोत म्हणून खिडकी बंद, आणि मग मला म्हणतात, "तुम्ही बसा, पण बांगड्या वाजवू नका." वायरने लॅपटॉपला जोडलेला त्यांचा छोटा कीबोर्ड स्वतः मुका आहे. कळ दाबली की आवाज लॅपटॉपमधून येतो; खऱ्या वाद्यांचे सूर त्यात साठवलेले आहेत. पेटी, तानपुरा, बासरी वहिनी कौतुकाने ऐकवतात. तबल्याचा ठेका एकदा लावला की आपोआप वाजत राहतो; तो मात्र हेडफोनवरच, आणि तोही आतल्या खोलीच्या दाराकडे बघत. आत भाऊ, त्यांचे यजमान, असतात. भजनी मंडळात तबला तेच वाजवायचे. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला.

परवा दुपारी हेडफोनची वायर निसटली आणि तबला घरभर घुमला.

"कोन उना व वाजवाले?" कोणी तबलजी आलाय असं वाटून भाऊंनी आतून विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण वहिनी उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "कोनी नही उनं. मशीनमधला तबला शे. मीच लावला."

भाऊ डाव्या हाताने डग्गा पुसत होते. "बरं करं," ते म्हणाले. "मी रोज पुसी ठेवस. म्हटलं, डग्गा वाजवाले तरी कधी बलावशी."

वहिनींनी मान वर केली नाही. खाली बसून त्यांनी भाऊंच्या हातातलं फडकं घेतलं आणि डग्गा स्वतः पुसू लागल्या. बाहेर तबला वाजतच होता. तो बंद करायला मी उठले, पण कोणती कळ दाबायची ते मला कळेना.